आरोग्यविचार : हृदयावरील उपचारानंतरचें पथ्य

अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड ह्या उपनगरांतील जुन्या कुटुंबांत चौकशी केली, तर हृदयावर कांहीं ना कांहीं उपचार झालेला एक तरी आप्त बहुतेक प्रत्येक घरीं निघेल. एके काळीं अशा रोग्यास परळची वाट धरावी लागे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं १९६८ च्या फेब्रुवारींत एका मनुष्याचें हृदय दुसऱ्याच्या छातींत बसविण्याचें धाडस केलें. जगांतील पहिल्या अशा शस्त्रक्रियेस तेव्हां तीन महिनेहि झाले नव्हते. तो रोगी वांचला नाहीं. पुढें ४७ वर्षांनीं, ३ ऑगस्ट २०१५ रोजीं, पुण्याहून विमानानें आणलेलें हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयांत एका तरुणाच्या छातींत बसविण्यांत आलें व तें चालूं लागलें. परळास जें साधलें नव्हतें तें उपनगरांत साधलें. मग अँजिओप्लास्टी व बायपास ह्यांची काय कथा ? त्या आतां आपल्या दाराशीं होतात.

परंतु उपचार जितका सुलभ झाला, तितका त्याच्या नंतरचा काळ अवघड झाला आहे. मनगटांतील नाडींतून बारीक नळी घालून रुंद केलेली वाहिनी घेऊन रोगी बहुधा दोन-तीन दिवसांत घरीं येतो. टांका नाहीं, मोठी जखम नाहीं. त्यामुळें घरच्यांस वाटतें कीं, रोग गेला. आणि नेमक्या त्याच वेळीं आप्तेष्टांचे सल्ले सुरू होतात. कोणी काढा सुचवितो, कोणी लसणीचें दूध सुचवितो, कोणी म्हणतो, ‘त्या गोळ्यांनीं पोट जळेल, आतां त्या सोडा.’

मुलुंडच्या एका वाचकभगिनीचें असेंच पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या यजमानांस दोन स्टेंट बसवून तीन महिने झाले. सासूबाईंचा आग्रह असा कीं, मुलाला ‘विलायती’ औषधांतून सोडवून आपल्या आयुर्वेदाकडे न्यावें. एका स्नेह्यांनीं हृदयाच्या वाहिन्या मोकळ्या करणाऱ्या काढ्याच्या बाटल्याहि आणून दिल्या आहेत. यजमान स्वतः कांहीं बोलत नाहींत. दिवसभर सज्ज्यांत बसून असतात. ‘मी कोणाचें ऐकावें ?’ असें त्या विचारतात. प्रश्न एकट्या त्यांचा नाहीं, म्हणून त्याचें उत्तर सर्वांसमक्ष देत आहों.

प्रथम झालेला उपचार काय आहे तें समजून घेऊं. फुग्याच्या साहाय्यानें हृदयाची वाहिनी रुंद करण्याची क्रिया आंद्रेआस ग्रुंटझिग यांनीं १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिक येथें प्रथम केली. पुढें त्या जागीं धातूची बारीक जाळी, म्हणजेच स्टेंट, ठेवण्याची पद्धत आली. ही जाळी शरीरास परकी असते. परक्या वस्तूवर रक्त गोठणें हा रक्ताचा स्वभावच आहे. वाहिनीच्या आंतील नाजूक अस्तर जाळीवर पसरून तिला झांकून घेईपर्यंत महिनेचे महिने जातात. तोंवर तेथें गुठळी होऊं नये म्हणून अ‍ॅस्पिरिन व तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल अथवा तत्सम दुसरी गोळी, अशा दोन औषधांचा पहारा ठेवावा लागतो. हा पहारा बहुधा सहा महिने ते एक वर्ष असतो. नंतर त्यांतील एक औषध पुढेंहि चालूं राहतें. मुदत किती, हें रोग्याच्या प्रकृतीवरून डॉक्टर ठरवितात. पहारा मध्येंच उठविला तर जाळींत अकस्मात् गुठळी होऊन हृदयाचा झटका येतो, आणि तो प्राणघातक ठरूं शकतो. तीन महिन्यांनीं ह्या गोळ्या आपल्या मतानें सोडणें म्हणजे ओल्या स्लॅबचे टेकू काढून घेण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, जाळीनें एक जागा मोकळी होते. रोग जात नाहीं. वाहिन्यांच्या भिंतींत मेदाचा थर बसण्याची प्रवृत्ति सर्व अंगांत असते. बायपास शस्त्रक्रियेनें तरी दुसरें काय होतें ? तुंबलेल्या रस्त्याला वळणमार्ग मिळतो. तो वळणमार्गहि कालांतरानें तुंबूं शकतो. म्हणून कोलेस्टेरॉल, रक्तदाब व मधुमेह ह्यांवरील औषधें चालू राहतात.

आतां आपलें शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. चरकाचार्यांनीं हृदय, बस्ति व शिर ह्या तिघांस प्रधान मर्में मानलें व हृद्रोगाचे पांच प्रकार सांगितले. ओजाचें स्थान हृदय. आणि त्याचें रक्षण करावयाचें तर मनास दुःख देणाऱ्या कारणांपासून दूर राहावें, असा त्यांचा उपदेश आहे. सुश्रुतांनीं चिकित्सेचें सार एका शब्दांत सांगितलें आहे, तो शब्द निदानपरिवर्जन. ज्या कारणानें रोग झाला तें कारण टाकणें, हीच पहिली चिकित्सा. तंबाखू, बैठें काम, रात्रीचें जागरण, अतिरिक्त मीठ, तळलेलें खाणें व अखंड चिंता हीं कारणें तशींच ठेवून वरून काढा पिणें हें आयुर्वेदालाहि मान्य नाहीं.

आणखी एक सांगण्यासारखें आहे. ‘पंचकर्मानें हृदय शुद्ध करून घ्या’ असें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु ज्यांस वमन देऊं नये अशांच्या यादींत चरकानें हृद्रोग्याचें नांव स्पष्ट घातलें आहे. तेव्हां नुकत्याच उपचार झालेल्या माणसाला वांत्या करविणें, तीव्र रेचक देणें किंवा घाम निघेपर्यंत वाफेंत बसविणें हें शास्त्राचें पालन नव्हे. लघवी अधिक करविणारीं औषधें चालू असतांना तीव्र रेचकानें शरीरांतील पोटॅशियम आणखी घटतें, आणि हृदयाची लय बिघडते.

मग आपल्या वनस्पतींत कांहींच अर्थ नाहीं काय ? अर्थ आहे, आणि त्याचा पुरावा मुंबईनेंच जगाला दिला आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेचा रक्तदाबावरील प्रयोग करून त्याचा वृत्तांत १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केला. त्यामुळें पाश्चात्त्य वैद्यकाचें लक्ष ह्या मुळीकडे वळलें. १९५२ सालीं तिच्यांतील रेसर्पिन हें द्रव्य वेगळें करण्यांत आलें, आणि १९५७ सालीं डॉ. वकिलांस अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. परंतु ह्या कथेचा उत्तरार्धहि ध्यानांत ठेवावा. रेसर्पिन घेणाऱ्या कांहीं रोग्यांत खिन्नता दिसूं लागली, नाडी मंद होऊं लागली, आणि यथाकाल त्याहून निर्धोक औषधांनीं त्याची जागा घेतली. आजहि सर्पगंधा असलेल्या गोळ्या मिळतात. नाडी मंद करणारें औषध आधींच चालू असलेल्या रोग्यानें त्या न विचारतां घेणें धोक्याचें आहे. मुळी खरी, तिचा गुण खरा, म्हणूनच तिचा दोषहि खरा.

गुग्गुळाची कथा अशीच बोधप्रद आहे. सुश्रुतसंहितेंतील मेदोरोगाच्या वर्णनावरून स्फूर्ति घेऊन काशी हिंदु विश्वविद्यालयांत १९६६ सालीं डॉ. सत्यवती यांनीं सशांवर प्रयोग केले, आणि गुग्गुळाची कीर्ति झाली. पुढें २००३ सालीं अमेरिकेंत १०३ माणसांवर आठ आठवडे रीतसर चांचणी झाली. तींत घातक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजीं किंचित् वाढलें. आपल्या परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं तर १९९४ सालींच दाखविलें होतें कीं, गुग्गुळाबरोबर घेतल्यास डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल हीं हृदयरोगावरील औषधें रक्तांत कमी प्रमाणांत उतरतात. रोगी दोन्ही घेतो आणि मनांत म्हणतो, आपण दुहेरी बंदोबस्त केला. वास्तविक एकानें दुसऱ्याचें बळ हरण केलेलें असतें.

राहिला अर्जुनसादडा. वाग्भटांपासून हृद्रोगांत त्याच्या सालीचा उल्लेख येतो, आणि अकराव्या शतकांतील चक्रदत्तानें ती दुधांत सिद्ध करून देण्यास सांगितली आहे. क्षीरपाकाची सामान्य रीत अशी कीं, एक भाग औषध, आठ भाग दूध व बत्तीस भाग पाणी एकत्र करून दूध शेष राहीपर्यंत मंद आंचेवर आटवावें. इंदूर व काशी येथील लहान प्रयोगांत रोग्यांस बरें वाटल्याची नोंद आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत झालेल्या व २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अधिक काटेकोर चांचणींत मात्र, हृदय अशक्त झालेल्या रोग्यांस नेहमींच्या औषधांखेरीज बारा आठवडे अर्जुन दिला असतां, हृदयाच्या आकुंचनाच्या शक्तींत वाढ दिसली नाहीं. कांहीं लक्षणांत थोडा आराम दिसला. ह्यावरून आमचें मत असें : ज्यांस अर्जुन घ्यावयाचा आहे त्यांनीं तो शास्त्रज्ञ वैद्यांच्या देखरेखीखालीं, डॉक्टरांस सांगून, चालू औषधांच्या जोडीला घ्यावा. त्यांच्या ऐवजीं कदापि घेऊं नये.

कांहीं पदार्थ मात्र विशेष जपून वापरावे. ज्येष्ठमध आपल्या घरांत खोकल्यावर सर्रास चघळतात. परंतु तो वरचेवर घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटतें. फोडणींतील हळद, आमटींतील आलें, भाजींतील लसूण ह्यांची भीति नाहीं; पण त्यांच्याच अर्काच्या गोळ्या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यास रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो. हृदयाची झडप बदललेल्या ज्या रोग्यांस वॉरफॅरिन चालू आहे, त्यांनीं पालेभाजी सोडूं नये आणि एकाएकीं वाढवूंहि नये. रोजचें प्रमाण सारखें ठेवावें. ज्यांचें हृदयच बदललें आहे, त्यांस शरीराची प्रतिकारशक्ति मुद्दाम दाबून ठेवणारीं औषधें आजन्म घ्यावीं लागतात. त्यांना प्रतिकारशक्ति वाढविण्याच्या हेतूनें कांहीं देणें म्हणजे बसविलेल्या हृदयावर शरीरालाच उठविणें होय.

गुळवेलीसारखी घरगुती वेल तरी निरुपद्रवी असेल ना, असें पुष्कळांस वाटतें. २०२० च्या साथींत लोकांनीं तिचे काढे महिनोन्महिने घेतले. त्या वर्षाच्या उत्तरार्धांत मुंबईंतील सहा रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद यकृततज्ज्ञांनीं केली, आणि ती २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयानें ह्या निष्कर्षास हरकत घेतली. वेल ओळखण्यांत चूक झाली असावी असें त्याचें म्हणणें. वाद क्षणभर बाजूला ठेवला तरी आपल्यापुरता बोध तोच राहतो. दारांत आणलेली वेल कोणती हें आपणांस ठाऊक नसतें, आणि कोलेस्टेरॉलवरील औषध घेणाऱ्या रोग्याच्या यकृताकडे आधींच लक्ष ठेवावें लागत असतें. रसौषधांविषयीं तर अधिकच सावध असावें. २००४ सालीं बोस्टन शहरांतील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकीं १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल हानिकारक प्रमाणांत सांपडला. बाटलीवर कर्त्याचें नांव, परवान्याचा अंक व घटकद्रव्यें नसतील तर ती बाटली घरांत ठेवूंच नये. हृद्रोग बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्यानें बंदी आहे. ‘वाहिन्या मोकळ्या करतों’ अशी जाहिरात जेथें दिसेल तेथें कायदा मोडलेला आहे असें समजावें.

एवढें वाचून कोणी म्हणेल, मग आयुर्वेदानें ह्या रोग्यास द्यावें तरी काय ? आमचें उत्तर : बाटलीपेक्षां कितीतरी मोठी गोष्ट, ती म्हणजे दिनचर्या. डॉक्टर दहा मिनिटें भेटतात. उरलेला दिवस घराचा असतो.

आहारापासून आरंभ करूं. शस्त्रक्रियेनंतर भूक मंदावते. शोधनानंतर अग्नि क्षीण झालेल्या माणसास प्रथम पेया, मग विलेपी, मग साधें यूष, मग फोडणी दिलेलें यूष असा चढता क्रम शास्त्रकारांनीं सांगितला आहे; त्यास संसर्जनक्रम म्हणतात. बायपास झालेल्या रोग्यास पहिल्या कांहीं दिवसांत हीच पायरी सोयीची पडते. पातळ पेज, मऊ भात, मुगाचें कढण, दुधी व पडवळाची भाजी, ताजें ताक. मात्र जखम भरून येण्यास प्रथिनें लागतात. म्हणून पेजेवर फार दिवस न ठेवतां मूग, मसूर, दूध, दहीं ह्यांचें प्रमाण लवकर वाढवावें. मधुमेह असल्यास भाताचें माप डॉक्टरांस विचारून ठेवावें.

आपल्या पानाची डावी बाजू हें ह्या रोग्याचें खरें संकट आहे. लोणचें, पापड, सांडगी मिरची, खारी चटणी आणि पानाच्या कडेला वाढलेलें मीठ. दिवसाचें एकूण मीठ पांच ग्रॅमांच्या आंत, म्हणजे सुमारें एक सपाट चमचा, असावें. ह्यांत आमटी, भाजी, पोळी, ताक सर्व आलें. लिंबू, कोकम, भाजलेलें जिरें व कोथिंबीर ह्यांनीं रुचि राखतां येते. साजूक तुपाचा अट्टाहास नको आणि भयहि नको. भातावर लहान चमचाभर घ्यावें, पण तें दिवसाच्या स्निग्धांशांत मोजावें. उपासाच्या दिवशीं साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचें कूट व तळलेले बटाटे हा उपास नव्हे. ज्यांस मधुमेहाचीं औषधें चालू आहेत त्यांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय निराहार राहूं नये. व्रत सोडण्यास मन घेत नसेल तर घरांतील दुसऱ्या कोणीं तें चालवावें. आजाऱ्यास आपल्याकडे ही सवलत पूर्वापार आहे.

मलावरोध हा लहान दिसणारा पण मोठा शत्रु. कुंथणें हृदयास बाधक आहे. इसबगोल पुरेशा पाण्यांतून घ्यावें, आणि इतर औषधें व तें ह्यांत दोन तासांचें अंतर ठेवावें. हृदय अशक्त असून पाण्याचें माप ठरवून दिलें असेल, तर तें आधीं विचारून घ्यावें.

व्यायामाविषयीं : आरंभीं सपाट जागेवर थोडीं मिनिटें चालावें, आणि प्रत्येक आठवड्यास थोडें वाढवावें. चालतांना बोलतां आलें पाहिजे. धाप लागून शब्द तुटूं लागले कीं थांबावें. जेवून लगेच चालूं नये. बोरीवलीकरांस राष्ट्रीय उद्यान जवळ आहे, पण पहिल्या दिवसांत घराजवळची गल्ली बरी, म्हणजे परततां येतें. बायपासांत छातीचें हाड कापलेलें असतें. तें सांधण्यास सहा ते आठ आठवडे, कधीं अधिकहि, लागतात. तोंवर पाण्याची बादली उचलूं नये, जड दार ढकलूं नये, आणि गाडींत कडी धरून लोंबकळूं नये. कामावर परतल्यावर आरंभींचे कांहीं दिवस गर्दीची वेळ टाळून निघावें आणि स्टेशनच्या पुलावर मध्यें उभें राहण्यास लाजूं नये. जखमेवर तेल चोळूं नये.

योगाविषयीं एक मोठी चांचणी आपल्याच देशांत झाली. २४ रुग्णालयांतील हृदयाचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रोग्यांवर केलेला हा प्रयोग २०२० सालीं प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांच्या सौम्य योगाभ्यासानें पुढील झटके निश्चितपणें कमी झाले असें सिद्ध झालें नाहीं. परंतु रोग्यांस आपली प्रकृति अधिक बरी वाटली आणि तीं माणसें पूर्वींच्या कामांकडे अधिक प्रमाणांत वळलीं. हा लाभ थोडा नव्हे. मात्र श्वास कोंडून धरणें, कपालभाति, भस्त्रिका व शीर्षासन हीं आरंभीं वर्ज्य करावीं. संथ श्वसन व शवासन पुरे.

आतां सज्ज्यांत बसलेल्या गृहस्थांकडे वळूं. आमच्या मतें त्या पत्रांतील सर्वांत महत्त्वाचें वाक्य तेंच आहे. ह्या उपचारानंतर अनेकांस विषाद येतो. आपण आतां मोडलेलें भांडें झालों, असें कर्त्या पुरुषास वाटूं लागतें. घरचे त्यास काम सांगत नाहींत, त्याच्यासमोर पैशाचें बोलत नाहींत, आणि त्याच्या औषधांचा वादहि त्यास वगळून करतात. असा विषाद दोन आठवड्यांहून अधिक टिकला, झोप व भूक गेली, तर तोहि रोगच समजून डॉक्टरांस सांगावा. घरानें करण्यासारखें म्हणजे त्यास पुन्हां घरांत घ्यावें : भाजी निवडणें, वीजबिल भरणें, नातवाचा अभ्यास घेणें, कांहींहि.

सासूबाईंस आमचें नम्र सांगणें : आपण मुलास आपल्या शास्त्राकडे नेऊं पाहतां हें योग्यच आहे. तें शास्त्र आपल्या स्वयंपाकघरांत आहे. पानांतलें मीठ आपण कमी करा, रात्रीं दहाला दिवे मालवा, सकाळीं त्याच्याबरोबर चार पावलें चाला. गोळ्यांस मात्र हात लावूं नका. आणि सूनबाईंस : बाटल्या घेऊन यजमानांसह डॉक्टरांकडे जा, त्यांच्यासमोर त्या ठेवा. त्यांनीं नको म्हटलें, तर नको म्हणण्याचें ओझें आपणांवर राहणार नाहीं.

एक वही करावी. तिच्यांत प्रत्येक औषधाचें नांव, वेळ व तें कशासाठीं हें लिहावें. वैद्यांचीं औषधेंहि त्याच पानावर लिहावीं, आणि तीच वही दोघांसहि दाखवावी. रोज सकाळचें वजन टिपावें. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनीं वाढणें, पायांस सूज, आडवें होतांच धाप, काळें शौच, ताप किंवा जखमेंतून स्राव ह्यांपैकीं कांहींहि दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. छातींत कळ, दडपण, हातांत किंवा जबड्यांत वेदना, थंड घाम ह्यांपैकीं कांहींहि झाल्यास ओवा-हिंग देऊन वाट पाहूं नये; १०८ ह्या क्रमांकास दूरध्वनि करावा. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ती दाराजवळ टांगावी, म्हणजे घरांत एकटें असलेलें लहान मूलहि तो वाचूं शकेल.